लाकडी सामानावरील ओरखडे : त्यांची पारख व दुरुस्ती

प्राथमिक शाळेच्या जडवस्तूसंग्रह नोंदवहीत टेबल, खुर्ची, कपाट, बाके, फळ्याची घोडी अशी नावे ओळीने लिहिलेली असतात. वस्तू आली तो दिवस तीत सापडतो, वस्तू निकामी ठरली तो दिवसही सापडतो. मधल्या काळात ती कशी झिजत गेली हे मात्र कोणत्याच रकान्यात सापडत नाही. लाकडी सामान बहुधा एकाएकी मोडत नाही. प्रथम त्यावर ओरखडा पडतो. त्या वाटेने पावसाळ्याचा ओलावा आत शिरतो. लाकूड फुगते व पुन्हा आकसते, त्याची कुसळे निघू लागतात, आणि काही वर्षांनी ते बाक व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन पडते.

याचा त्रास सर्वांत आधी मुलांना होतो. पहिलीतले मूल ज्या डेस्कवर पाटी किंवा वही ठेवते, त्यावर कर्कटकाने कोरलेली चर असली की पेन्सिलीचे टोक कागदातून आरपार जाते. नुकतेच कोठे वळणदार होऊ लागलेले अक्षर तेथे अडखळते. बाकाच्या कडेचे कुसळ तळहातात किंवा मांडीत शिरते. त्यातच पुष्कळ शाळांतील सामान लोकवर्गणीतून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आलेले असते. त्याची आबाळ झालेली गावाला दिसते, आणि पुढच्या वेळी वर्गणी मागताना त्याची आठवणही निघते. यास्तव ओरखडा लहान असतानाच तो बुजविणे अगत्याचे आहे. हे काम अवघड नाही, खर्चाचेही नाही. परंतु त्यात एक गोष्ट आधी समजली पाहिजे : ओरखडा किती खोल गेला आहे, यावर त्याचा उपाय अवलंबून असतो. खोली न पाहता सरसकट काचकागद घासणे, हीच या कामातील सर्वांत मोठी व सर्वांत नेहमी होणारी चूक होय.

लाकूड आणि त्यावरील लेप

जुन्या लाकडी सामानावर बहुधा लाखेचे पॉलिश असते. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे राहतात. ते आपल्या अंगाभोवती जो राळेसारखा पदार्थ सोडतात तीच लाख. तिचे उत्पादन जगात मुख्यतः भारतात व आग्नेय आशियात होते. आपल्या देशात झारखंड त्यात अग्रेसर असून महाराष्ट्रात गोंदियाकडील वनभागांतही लाख निघते. तिच्यावर संशोधन करण्यासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे स्वतंत्र संस्था स्थापन झाली. शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणाऱ्या लाखेस चपडी लाख म्हणतात. ती स्पिरिटात विरघळवून लाकडावर चढविली की स्पिरिट उडून जाते आणि लाखेचा पातळ, चमकदार थर मागे राहतो.

हा थर केवळ शोभेसाठी नसतो. लाकूड हवेतील ओलावा शोषून घेते व कोरड्या हवेत तो सोडते. लेपामुळे ही देवघेव मंदावते, म्हणून फळ्या वाकत नाहीत व सांधे सैल होत नाहीत. लेपाचा दुसराही एक उपयोग आहे. लाकडाची भुकटी करणारे काही भुंगेरे उघड्या लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत अंडी घालतात. गाभ्याभोवतीचे फिक्या रंगाचे कोवळे लाकूड त्यांना विशेष मानवते. लेप अखंड असेल तर ही छिद्रे झाकलेली राहतात. सागाचा गाभा मुळातच तेलकट व टिकाऊ असल्याने कीड त्याला सहसा लागत नाही. परंतु आंबा किंवा तत्सम हलक्या लाकडाची गोष्ट तशी नव्हे. अशा बाकावरील उघडा ओरखडा म्हणजे किडीला मोकळे सोडलेले दारच होय.

सामानावर लाखेचे पॉलिश आहे की व्हार्निश वा तेलरंग, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. टेबलाच्या खालच्या अंगास, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटात भिजविलेला कापसाचा बोळा क्षणभर दाबून धरावा. पृष्ठभाग चिकट होऊन कापसाला तांबूस रंग लागला तर ते लाखेचे पॉलिश समजावे. काहीच फरक पडला नाही तर वरचा लेप दुसऱ्या जातीचा आहे. वस्तूवर सनमायकाचा पत्रा असेल तर पुढे दिलेले उपाय तिला लागू नाहीत. तो पत्रा घासला की त्याची नक्षीच निघून जाते.

ओरखड्याची पारख

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी ओल्या फडक्याने धूळ पुसून घ्यावी आणि जागा कोरडी होऊ द्यावी. नंतर खिडकीच्या उजेडात वस्तू तिरपी धरून पाहावी. ओरखड्यावरून आडवे नख फिरवावे व त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. एवढ्याने चार प्रकार वेगळे ओळखता येतात.

१. नख अडत नाही आणि पाणी पडताच पांढुरकी रेघ दिसेनाशी होते. असा ओरखडा केवळ लेपातला आहे. लाकडाला इजा झालेली नाही.

२. नख किंचित अडते आणि पाणी पडताच ती जागा काळसर होते. लेप फाटून लाकूड उघडे पडले आहे.

३. चर नसून खळगा आहे. काही जड वस्तू पडून लाकडाचे तंतू दबले आहेत, पण तुटलेले नाहीत.

४. नख स्पष्टपणे चरीत उतरते व कडा तुटलेल्या दिसतात. तंतू कापले गेले आहेत. कोरलेली नावे याच वर्गात मोडतात.

यांखेरीज ओरखड्याशेजारी टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे व खाली पिठासारखी भुकटी दिसली, तर तो ओरखड्याचा प्रश्नच राहिला नाही. ती कीड आहे. अशी वस्तू इतर सामानापासून त्वरित दूर ठेवून जाणत्या माणसाला दाखवावी. वरून लांबी भरून ती झाकू नये.

लेपातील ओरखडे

पहिल्या प्रकारास काचकागद मुळीच लावू नये. लाखेचे पॉलिश स्पिरिटात पुन्हा विरघळते, हा गुणच येथे उपयोगी पडतो. मऊ सुती कापडात कापूस गुंडाळून लिंबाएवढी पुरचुंडी करावी. ती स्पिरिटाने जेमतेम ओलसर करावी. हाताच्या पाठीला लावली असता गार लागावी, परंतु थेंब गळू नये. ती ओरखड्यावरून लाकडाच्या रेषांच्या दिशेने एकदा हलकेच फिरवून उचलावी. एका जागी थांबू नये, कारण पुरचुंडी थांबली की लाख तिला चिकटून वर निघते. दोन मिनिटे थांबून पुन्हा एक हात द्यावा. मऊ झालेली लाख चरीत उतरते व रेघ मिटते. गरम कपाने टेबलावर उमटलेले पांढरे वर्तुळही बहुधा याच रीतीने जाते.

व्हार्निश केलेल्या वस्तूवर स्पिरिटाचा असा उपयोग होत नाही. तेथे मधमाशीचे मेण मऊ फडक्याने चोळून चांगले पुसून काढावे. रेघ भरली जाऊन दिसेनाशी होते. मेणाविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मेणावर पॉलिश किंवा रंग धरत नाही, म्हणून मेण हा नेहमी शेवटचा हात असावा. तसेच मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते व त्याच्या बरेच आधी मऊ पडते. म्हणून उन्हात येणाऱ्या बाकांवर ते भरण म्हणून वापरू नये.

शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल लावून सामान चकचकीत करण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. तेलाने ओरखडा दोन दिवस दिसत नाही हे खरे, परंतु ही तेले लाकडावर वाळून घट्ट होत नाहीत. त्यांवर धूळ बसून काळे किटण तयार होते आणि पुढे पॉलिश करावयाचे झाल्यास ते धरत नाही. जवसाचे तेल मात्र वाळणारे आहे. लावावयाचेच असेल तर ते अगदी पातळ लावावे व जास्तीचे पुसून काढावे.

लाकडापर्यंत गेलेले ओरखडे

दुसऱ्या प्रकारात आधी रंग जुळवावा लागतो व मग लेप द्यावा लागतो. ओरखड्याच्या जागेपुरता २२० क्रमांकाचा काचकागद रेषांच्या दिशेने हलका फिरवावा. आडवा फिरविल्यास प्रत्येक कण नवी रेघ ओढतो आणि पॉलिश चढल्यावर त्या सर्व रेघा उठून दिसतात. काचकागद बोटाने न धरता सपाट ठोकळ्याभोवती गुंडाळावा. फळा पुसण्याच्या जुन्या डस्टरची लाकडी पाठ त्यासाठी उत्तम. काचकागदाचा क्रमांक जितका मोठा तितका तो बारीक, हे खरेदीच्या वेळी लक्षात असावे.

रंगासाठी गेरू, पिवळी माती व काजळी एवढी सामग्री पुरते. जुन्या सागाचा रंग पिवळी माती व किंचित गेरू यांनी जुळतो, तर शिसवीसाठी गेरूत काजळी मिसळावी. हे रंग थोड्या पातळ पॉलिशमध्ये कालवून बारीक कुंचल्याने फक्त रेघेत भरावेत. प्रथम रंग फिकाच ठेवावा. फिका रंग गडद करता येतो, गडद झालेला फिका करणे कठीण. पॉलिश चढल्यावर लाकूड कसे दिसेल याचा अंदाज ते ओले करून घेता येतो. ओल्या लाकडाचा रंग पॉलिश केलेल्या लाकडाच्या रंगाशी पुष्कळसा जुळतो.

पॉलिश रंगाच्या दुकानात तयार मिळते. घरी करावयाचे असल्यास १ लिटर स्पिरिटास १५० ग्रॅम चपडी लाख हे प्रमाण धरावे. शाळेच्या किरकोळ कामास २०० मिलिलिटर स्पिरिट व ३० ग्रॅम लाख पुरे होते. काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून अधूनमधून हलवावे व दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून घ्यावे. लोखंडी भांडे वापरू नये, त्याने लाख काळवंडते. असे पॉलिश पातळ थरांनी चार-पाच वेळा लावावे. दोन थरांत अर्ध्या तासाचे अंतर असावे. एकच जाड थर दिला तर तो वरून सुकतो व आत चिकट राहतो. शेवटच्या थरानंतर वस्तू निदान एक दिवस वापरू नये.

दबलेले खळगे

तिसरा प्रकार पाहून अनेकजण खळगा भरून काढावयास निघतात. त्याची आवश्यकता नसते. लाकडाचे तंतू पोकळ नळ्यांसारखे असतात. ते दबले असले तरी तुटलेले नसतील, तर पाणी व उष्णता मिळताच ते पुन्हा फुगून पूर्वस्थितीस येऊ पाहतात. खळग्यावरील लेप २२० क्रमांकाच्या काचकागदाने काढून तेथे कोमट पाण्याचे काही थेंब टाकावेत व दहा मिनिटे मुरू द्यावेत. नंतर दुहेरी सुती फडके ओले करून त्यावर ठेवावे आणि तापलेल्या इस्त्रीचे टोक चार-पाच सेकंद टेकवावे. इस्त्री नसल्यास तापविलेल्या उलथन्याचे पाते चालते. फडके कोरडे पडू न देता हे तीन-चार वेळा करावे. वाफ शिरून खळगा वर येतो. मग एक दिवस पूर्ण वाळू द्यावे व वर सांगितल्याप्रमाणे पॉलिश लावावे. प्लायवुडवर हा प्रयोग जपून करावा. उष्णतेने व ओलाव्याने त्याच्या थरांतील गोंद सुटण्याचा संभव असतो. शिवाय त्याचा वरचा शोभेचा थर अतिशय पातळ असल्याने घासतानाही सावध असावे लागते.

खोल चरा व कोरलेली नावे

चौथ्या प्रकारात भरणाशिवाय गत्यंतर नाही. चरीतील मळ टोकदार काडीने काढावा व तुटलेल्या कडा १२० क्रमांकाच्या काचकागदाने बसवून घ्याव्यात. त्याच जातीच्या लाकडाचा बारीक भुसा सुताराकडून आणावा. लाकडाच्या कामाचा पांढरा गोंद त्यात घालून घट्ट लगदा करावा. हीच या कामाची लांबी. ती चरीत दाबून भरावी व पृष्ठभागापेक्षा किंचित वर राहू द्यावी, कारण वाळताना ती आकसते. चर खोल असेल तर एकाच वेळी न भरता दोन थरांत भरावी. २४ तासांनंतर १८० व त्यानंतर ३२० क्रमांकाच्या काचकागदाने सपाट करावे.

येथे एक अडचण नेहमी येते. गोंद वाळला की त्यावर रंग नीट चढत नाही व भरलेली जागा वेगळी दिसते. यास्तव गेरू किंवा पिवळी माती लगदा कालवतानाच त्यात मिसळावी. तसेच चरीबाहेर सांडलेला गोंद ओल्या फडक्याने तेव्हाच पुसून घ्यावा, नाहीतर त्याचा डाग पॉलिशखालून दिसत राहतो. दुरुस्ती काहीशी दिसली तरी बिघडत नाही. डेस्कचा पृष्ठभाग सपाट व कुसळविरहित होणे, हे पहिले उद्दिष्ट होय.

बोटभर रुंदीपेक्षा मोठा तुटवडा, सैल झालेला सांधा, तडकलेली फळी व कीड लागलेला पाय, ही कामे मात्र सुताराची. तेथे लांबी टिकत नाही. शिक्षकाने ती हाती घेऊन वेळ व पैसा दवडू नये. शाळा व्यवस्थापन समितीपुढे ती वेळीच ठेवावीत.

ऋतू व सावधगिरी

पावसाळ्यात लाखेचे पॉलिश करू नये. स्पिरिट झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील पाणी त्यावर जमते व पॉलिश पांढुरके पडते. दिवाळीच्या सुटीतील कोरडे दिवस या कामास फार चांगले. शाळा बंद असल्याने लेप वाळण्यासही सवड मिळते.

पुढील नियम कसोशीने पाळावेत.

१. पॉलिशचे स्पिरिट विषारी असून चटकन पेट घेते. ते चूल, दिवा व उदबत्ती यांपासून दूर, उघड्या हवेत वापरावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरू नये. बाटलीवर नाव लिहून ती कुलपात ठेवावी.

२. जवसाचे तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल हवेतील प्राणवायू घेऊन वाळते व त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. गोळा झालेल्या फडक्यांत ती साठून फडकी आपोआप पेटू शकतात. ती बाहेर दोरीवर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

३. जुना तेलरंग लावलेल्या वस्तू कोरड्या घासू नयेत. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारतात २०१६ साली झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे पुष्कळ असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपायकारक असते. अशा वस्तूंचा रंग सुटत नसेल तर तो तसाच ठेवून वरून नवा रंग देणे बरे. घासणे अटळ असेल तर मुले नसताना, पाण्याचा काचकागद ओला करून घासावे व चिखल फडक्याने गोळा करून टाकावा.

मुले आणि ओरखडे

ओरखडे दुरुस्त करणे हा अर्धा भाग झाला. ते पडू न देणे हा दुसरा. शाळेतील पुष्कळसे ओरखडे खोडसाळपणाने पडतच नाहीत. बाके ओढत नेल्याने, बाहेर आलेल्या खिळ्याने, कंपासपेटीच्या पत्र्याच्या कडेने ते पडतात. बाक दोघांनी उचलून नेण्याचा शिरस्ता पाडावा. पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बसवावेत. महिन्यातून एकदा वर आलेले खिळे ठोकून घ्यावेत. एवढ्याने पुष्कळ काम भागते.

नाव कोरणाऱ्या मुलाचा प्रश्न वेगळा. त्यास मारणे २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ अन्वये निषिद्ध आहे, आणि मारण्याने चरही भरून येत नाही. त्या मुलाला दुरुस्तीच्या वेळी जवळ बसवावे. पाण्याचा थेंब टाकून ओरखड्याची जात ओळखणे, ठोकळ्याला कागद गुंडाळून रेषांच्या दिशेने घासणे, भुसा चाळणे ही कामे वरच्या वर्गातील मुलांना शिक्षकाच्या देखरेखीखाली, नाकाला फडके बांधून करता येतात. स्पिरिट, पॉलिश, तापलेली इस्त्री व जुन्या रंगाचे घासकाम यांना मात्र मुलांचा हात लागू देऊ नये. चार अक्षरे कोरण्यास पाच मिनिटे लागतात व ती बुजविण्यास तीन दिवस, हा हिशेब ज्या मुलाने स्वतः पाहिला ते पुन्हा सहसा कोरत नाही.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली. तीमागील तत्त्व लहानशा दुरुस्तीतही दिसून येते. २०० मिलिलिटर स्पिरिटास लाख किती, हे समप्रमाणाचे उदाहरण आहे. स्पिरिट उडून थंडावा येणे हा बाष्पीभवनाचा पाठ आहे. वाफेने खळगा वर येणे हा वनस्पतीच्या तंतूंचा पाठ आहे. वर्गातील बाकावरच हे पाठ शिकता येत असता त्यांसाठी निराळे साहित्य शोधण्याची गरज नाही.

वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीच्या सुटीत, शिक्षकांनी प्रत्येक लाकडी वस्तू उजेडात धरून पाहावी व वर दिलेल्या चार प्रकारांपैकी कोणता ओरखडा कोठे आहे याचे टिपण वहीच्या एका पानावर करावे. पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत उघडे पडलेले लाकूड आधी झाकून घ्यावे. दिवाळीच्या पाहणीनंतर उरलेली दुरुस्ती सावकाश करावी. असे केल्यास पुढील जूनमध्ये शाळेत येणाऱ्या नव्या मुलास त्याच जुन्या डेस्कवर, न अडखळता, आपले पहिले अक्षर गिरविता येईल.